ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ

वेळापूर,
माघ महिना

चि. ओंकार,

पहाटेचे पाच वाजलेत. सडा घालून झालाय, चहाचं आधण गॅसवर ठेवलंय (इतकी वर्षं झाली तरी हात अजून लाकूड पुढे सारायला जातो बघ), आणि तुझे आजोबा नेहमीसारखे मफलर गुंडाळून अर्धनारीनटेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेलेत. परत यायला त्यांना तासभर तरी लागेल, तेवढ्यात तुला हे पत्र लिहायला बसले. फोनवर मला नीट बोलता येत नाही रे. तुझा आवाज घाबरलेला असला की माझे शब्द पळतात, आणि फोन ठेवल्यावर सगळं आठवतं.

परवा रात्री साडेअकराला तू म्हणालास, "आजी, मी मोबाइलवर हिशेब करून बघितला, कर्करोगाची शक्यता दहा टक्के येतेय. आजोबांना उद्याच घेऊन ये, सुई घालून तुकडा काढून घेऊ, सहा महिने थांबायचं म्हणजे काय!" मी हो-हो म्हणाले, कारण त्या वेळी तुला झोपेची गरज होती. पण काल निघालो नाही आणि उद्याही निघणार नाही, आणि का नाही ते तुला शांतपणे सांगायचंय.

आधी एक सांगते. आजोबांना फुफ्फुसाचा स्कॅन करायला नेलंस ते अगदी योग्य केलंस. आजोबांनी विशीपासून विडी ओढली. क्षय झाला तेव्हा (ते पुढे सांगते) दीड वर्ष सुटली, मग ऊसतोडीच्या दिवसांत गुऱ्हाळावर रात्री काढताना पुन्हा लागली, आणि तू बारावीत होतास तेव्हा तू त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं बंडल काढून माझ्या हातावर ठेवलंस, त्या दिवसापासून कायमची गेली. नऊ वर्षं झाली. अमेरिकेत डॉक्टरांना २०२१ पासून सल्ला आहे की पन्नास ते ऐंशी वयाच्या, रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं किंवा त्याहून जास्त ओढलेल्या, आणि सोडून पंधरा वर्षं व्हायच्या आतल्या माणसाचा वर्षातून एकदा कमी मात्रेचा सीटी स्कॅन करावा. आपल्याकडे फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी असा सरकारी कार्यक्रम नाही, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासण्या आहेत. म्हणून तू स्वतः वाचून, स्वतःच्या पगारातून हे केलंस. तुझ्या आईने तुला असंच वाढवलंय, मला त्याचं नवल नाही.

तू पाठवलेले सगळे कागद मी चष्मा लावून दोनदा वाचले. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे आकडे दिसले की मला पदर खोचावासा वाटतो. त्यातला अमेरिकेतला मोठा अभ्यास बघ, २००२ साली सुरू झालेला, ५३,४५४ माणसांचा. अर्ध्यांचा साधा छातीचा एक्स-रे काढला, अर्ध्यांचा कमी मात्रेचा सीटी, आणि २०११ साली निकाल आला की सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. हे तू मला फोनवर सांगितलंस. पण त्याच कागदात पुढे लिहिलंय की सीटीवर "काहीतरी आढळलं" असा निकाल जेव्हा जेव्हा आला, तेव्हा शंभरातल्या शहाण्णव वेळा तो कर्करोग नव्हता. हे वाक्य तू घाईत ओलांडून गेलास, बाळा. फुफ्फुस म्हणजे सत्तर वर्षं वापरलेलं जोतं आहे. त्यावर खुणा असायच्याच.

आता आपल्या घरातल्या खुणा. रिपोर्टात तीन गाठी लिहिल्या आहेत, डॉक्टर त्यांना नोड्यूल म्हणतात. एक ८ मिलिमीटरची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, एक ४ मिलिमीटरची, आणि एक ५ मिलिमीटरची, म्हणजे सध्या अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी. (हुरड्याला आला नाहीस यंदा. तुझ्या वाटणीची कणसं आजोबांनी दोन दिवस बाजूला ठेवली होती, शेवटी शेजारच्या पोरांना दिली.) तिन्ही वरच्या भागात. शिवाय फुफ्फुसं थोडी फुगलेली, विडीने आणि धुराने.

तू जो हिशेब केलास तो कॅनडातल्या अभ्यासातला, ब्रॉक विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाणारा, २०१३ साली छापून आलेला. मला तो फार आवडला, खरंच सांगते, कारण त्यांनी कुणाच्या मनाला काय वाटतं ते न धरता मोजून काढलंय. १,८७१ माणसांच्या फुफ्फुसांत ७,००८ गाठी सापडल्या आणि पुढे पाठपुरावा करत गेल्यावर त्यातल्या १०२ कर्करोगाच्या निघाल्या. मी कागदावर भागाकार केला, शंभराला दीडही येत नाही. मग त्यांनी बघितलं की त्या १०२ जणी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कशा दिसत होत्या. वय जास्त, बाईचं शरीर, घरात कुणाला फुफ्फुसाचा कर्करोग झालेला, फुफ्फुस फुगलेलं, गाठ मोठी, वरच्या भागात, कडा गुळगुळीत नसून काटे फुटल्यासारख्या, आणि आतून पूर्ण घट्ट नसून अर्धी घट्ट अर्धी धुरकट. यातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी वजन दिलं आणि सगळी वजनं एका तागडीत घातली. एक गंमत अशी की गाठी जितक्या जास्त, तितका एकेका गाठीचा धोका उलट थोडा कमी होतो, कारण पुष्कळ गाठी असल्या की त्या बहुधा जुन्या संसर्गाच्या असतात. हे वाचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात "अगं बाई" म्हणाले.

तर तू या तागडीत काय घातलंस? रात्री साडेअकराला, डोळे चोळत, तू सगळ्यांत मोठी गाठ घेतलीस, ८ ची, आणि कडा काटेरी आहेत का या प्रश्नाला खात्री नसताना "हो" म्हटलंस. म्हणून दहा टक्के आले. हिशेब बरोबर आहे, मी ताळा करून बघितला. पण गाठ चुकीची. रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर त्या ८ च्या गाठीपुढे लिहिलंय की ती आतून पूर्ण चुन्याने भरलेली आहे. अशी चुनखडी झालेली गाठ म्हणजे जुनी, विझलेली चूल. कॅनडावाल्यांच्या तागडीत चुन्याचा रकाना नाही, आणि क्षय होऊन गेलाय का, असा रकानाही नाही. त्यांच्या माणसांना तो प्रश्न फारसा पडला नसेल. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, त्यामुळे आपल्याला तो पडतोच.

तुला माहीत नाही, कारण या गोष्टी घरात कुणी बोलत नाही. १९७९ साली मी या घरात नवी नवरी आले तेव्हा तुझे आजोबा चोवीस वर्षांचे होते आणि त्यांना क्षय झाला होता. दीड वर्षाचं औषध. सुरुवातीचे महिने दिवसाआड इंजेक्शन, त्यासाठी पहाटे चारला उठून पहिली एसटी धरायची, उन्हं चढायच्या आत परत येऊन शेतावर जायचं. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंगावर मांस आलं, आणि गावातली शहाणी माणसं म्हणाली, आता कशाला, बरा झालास की. तेव्हा तुझ्या पणजीने भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली, एक डोस एक रेघ, आणि भिंत भरेपर्यंत त्यांना थांबू दिलं नाही. त्या रेघा मी पुढे पाच दिवाळ्या चुना मारून झाकल्या, तरी खालून दिसायच्या.

त्या ८ च्या आणि ४ च्या गाठी त्या वर्षांच्या आहेत. हे मी अंदाजाने सांगत नाही. २०२१ साली करोनात आजोबांचा अकलूजला छातीचा सीटी काढला होता, आठवतं? त्याची सीडी तू "फेकून दे आजी, मोबाइलवर फोटो आहेत" म्हणाला होतास. तो मोबाइल पुढच्याच पावसात विहिरीत पडला. सीडी मी फेकली नाही. मी काहीच फेकत नाही, हे तुला माहीत आहे. पत्र्याच्या ट्रंकेत तुझ्या वडिलांच्या बारशाच्या कुंचीखाली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्या फिल्मा, सगळे कागद वर्षवार ठेवले आहेत. मागच्या गुरुवारी मी ती सीडी घेऊन तुझ्या आजोबांबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. ८ ची गाठ पाच वर्षांपूर्वी ८ चीच होती, ४ ची ४ चीच. घट्ट गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर डॉक्टर सहसा तिचा नाद सोडतात, आणि इथे तर पाच झाली. त्या दोन्हींवर त्यांनी पेन्सिलीने फुली मारली.

राहिली ५ ची. ती २०२१ मध्ये नव्हती.

हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ती नवी आहे, घट्ट आहे, कडा गुळगुळीत आहेत. तिचे आकडे तागडीत घातले, वय ७१, पुरुष, घरात कुणाला नाही, फुफ्फुस फुगलेलं, वरचा भाग, तीन गाठी, काटे नाहीत, तर उत्तर शंभरात एक येतं. हीच गाठ १० मिलिमीटरची असती तर शंभरात आठ-नऊ आलं असतं, एवढा आकाराला मान आहे. डॉक्टर म्हणाले, हा हिशेब पहिल्याच स्कॅनवर दिसलेल्या गाठींवरून बसवलेला आहे, मागाहून उगवलेल्या गाठीकडे थोडं जास्त लक्ष द्यायचं, तेव्हा फार तर शंभरात तीन धरा. म्हणून त्यांनी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी बोलावलंय.

आता तू विचारशील, तीन तर तीन, मग सहा महिने का, पंधरा दिवसांत का नाही? इथे मी तुला पुन्हा सहावीच्या वर्गात बसवते. लाडू आठव. लाडवाचा घेर थोडासाच वाढला तरी आतलं पीठ कितीतरी जास्त लागतं. उलट बघितलं तर गाठीतला ऐवज दुप्पट झाला तरी तिचा व्यास फक्त सव्वापट होतो. म्हणजे ५ मिलिमीटरची गाठ दुप्पट भरली तरी दिसते ६.३ ची. आणि स्कॅनवर व्यास मोजताना दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. समज ही गाठ वाईट आहे आणि जोरात वाढणारी आहे, शंभर दिवसांत दुप्पट होणारी. पंधरा दिवसांनी ती ५.२ ची होईल. कुठला डॉक्टर ते ओळखणार? सहा महिन्यांनी मात्र ती साडेसातची होईल, तेव्हा ती लपू शकणार नाही, आणि तरीही हरभऱ्याहून लहान, कापून काढून टाकण्याजोगी असेल. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अभ्यासात तर त्यांनी व्यासाऐवजी गाठीचं घनफळच मोजलं आणि चारशे दिवसांच्या आत दुप्पट होणारी गाठ संशयाची धरली. त्यांनाही वाट बघूनच कळलं. ज्या गाठीला आज काही बोलता येत नाही, तिला सहा महिने बोलायला दिले की ती स्वतःहून सांगते.

आणि सुई. सुई म्हणजे पायातला काटा काढणं नव्हे, राजा. फुगलेल्या फुफ्फुसात सुई गेली की हवा गळून फुफ्फुस बसू शकतं, मग छातीत नळी, मग दवाखान्यात मुक्काम. ज्वारीच्या दाण्यावर नेम धरायचा, तोही श्वासाबरोबर खालीवर हलणाऱ्या, आणि नेम चुकला की "काही सापडलं नाही" असा कागद हातात येतो, ज्याने कुणाचीच झोप परत येत नाही. तू म्हणत होतास तो पेट स्कॅनसुद्धा ८ मिलिमीटरच्या खाली भरवशाचा नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला शंभरातल्या तीनसाठी मी हे करू देणार नाही. शंभरातले तीस झाले तर मीच पहिली एसटी धरीन.

तू संगणकाचं काम करतोस, म्हणून तुला ही मोजणी आणखी पुढे नेणारी यंत्रं आवडतात. अमेरिकेतल्या एमआयटीत २०२३ साली सिबिल नावाचं एक बनलं, ते एकच स्कॅन बघून पुढच्या सहा वर्षांतला धोका सांगतं, म्हणे. आपल्या मुंबईतली क्यूअर.एआय कंपनी एक्स-रेवरून क्षय आणि गाठी ओळखणारं बनवते. चांगलंच आहे. खेड्यात जिथे फिल्म वाचणारा माणूस आठवड्यातून एकदा येतो तिथे याचं मोल फार. तू असं काही करायला घेतलंस तर मला अभिमानच वाटेल. फक्त त्याला क्षयाच्या जुन्या खुणा आधी शिकव, आमच्यासारख्यांच्या छात्या दाखव, पणजीच्या भिंतीवरच्या रेघांसकट.

आणि बार्शीला एकदा जाऊन ये. आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तुला तिची गोष्ट कुणी सांगितली नसेल. १९८७ साली तिथे खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, देशात ग्रामीण भागासाठीची पहिली. माणसं गावोगाव जाऊन लिहीत राहिली, कुणाला काय झालं. मग त्यांनी टाटा रुग्णालयाच्या आणि बाहेरदेशीच्या लोकांबरोबर शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा. २००० च्या सुमाराला सुरू केलेल्या कामाचा निकाल २००९ साली आला: एचपीव्ही या विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे. सगळ्या जगाने तो वाचला. ज्या नर्सताई बांधावरून चालत बायकांना समजावत गेल्या, त्यांनी नऊ वर्षं वाट बघितली. तिथल्या बायका माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच चुलीपुढे बसलेल्या. मला ती गोष्ट आठवली की बरं वाटतं.

वाट बघायची म्हणजे मात्र विसरायचं नाही. मला त्या घाईचीही भीती आहे, दुखत नाही ना, मग झालं, असं म्हणून मोकळं व्हायची घाई. शाळेत माझ्याबरोबरच्या एका बाईंच्या यजमानांना असंच पुन्हा बोलावलं होतं, तारीख उसाच्या बिलाच्या गडबडीत गेली, आणि पुढे दोन वर्षांनी ते गेले तेव्हा तो कागद त्यांच्या पासबुकात सापडला. म्हणून मी तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे, ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, आणि आता तुलाही लिहिते आहे.

तोवर इथे काय चाललंय ते सांगते. आजोबा पहाटे उठतात, देवळापर्यंत जातात, येताना दम किती लागला ते मी विचारते आणि वहीत लिहिते. यंदा खोडव्यातलं पाचट जाळलं नाही, कुट्टी करून सरीत पसरलं. शेजारी जाळतात तेव्हा आजोबांना घरात बसवते, खिडक्या लावते. चूल मी फक्त पुरणाच्या दिवशी अंगणात पेटवते, तीही त्यांच्यापासून लांब. पुण्याला यायला लागेल ते भाडं मी दर आठवड्याच्या दुधाच्या पैशातून बाजूला टाकते, तू पाठवू नकोस.

आषाढात ये मात्र. माऊलींची पालखी माळशिरसहून आपल्या गावी येते, आणि वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो तो तू लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून बघितला आहेस. आळंदीहून निघालेली माणसं किती दिवस एका लयीत चालतात, कुणी पुढे पळत नाही, कुणी मागे रेंगाळत नाही, आणि मग तो उतार आला की म्हातारीकोतारीसुद्धा धावत सुटतात, कारण धावायची जागा तीच. तुझे आजोबा यंदाही त्यात पळणार म्हणतात. मी नको म्हटलं, पण डॉक्टरांनी हळूहळू पळायला परवानगी दिली आहे.

सोन्या, रात्री अकराच्या आत झोपत जा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. कुठलाही हिशेब सकाळी आंघोळ झाल्यावर कर, आणि रिपोर्टाचं दुसरं पान वाचल्याशिवाय पहिल्यावर काही ठरवू नकोस. तुझ्या मनाबद्दल मला कधी काळजी वाटली नाही, या जन्मी वाटणारही नाही.

आजोबांची काठी फाटकाला वाजली, आले बघ. चहा उतू जाण्याआधी थांबते.

पुढचा स्कॅन आषाढी एकादशीनंतरच्या सोमवारी, सकाळी साडेनऊला. उपाशी यायची गरज नाही असं त्यांनी सांगितलंय. दोन्ही सीड्या मी कापडी पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवल्या आहेत.

तुझी,
आजी